जिनिंग कुठे संपते, प्रेसिंग कुठे सुरू होते

उमरखेडहून महागावकडे निघा, नाहीतर पैनगंगा ओलांडून हदगावकडे. नागपूर-नांदेड महामार्गाच्या या पट्ट्यात कापसाच्या कारखान्यांच्या पाट्यांवर एक जोडनाव हमखास दिसते, 'जिनिंग अँड प्रेसिंग'. बोलताना मधला 'अँड' गळतो आणि 'जिनिंगप्रेसिंग' असा एकच शब्द होतो. घाईत तोही नको, नुसते 'जिन' पुरते. "कापूस जिनवर टाकला" म्हटले की ऐकणाऱ्याला पुढचे काही विचारावे लागत नाही.

पण ही कामे दोन आहेत, यंत्रे दोन आहेत आणि कापूस कारखान्यांच्या १९२५ च्या कायद्याच्या लेखी तर कारखानेही दोन आहेत. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणे. प्रेसिंग म्हणजे सरकी निघाल्यावर उरलेली रुई दाबून तिची गाठ बांधणे. पहिल्या कामात एका वस्तूच्या दोन वस्तू होतात. दुसऱ्यात वस्तू तीच राहते, फक्त कमी जागेत बसते. शब्दकोशापुरते एवढे पुरे आहे. शेतकऱ्याला मात्र ते पुरत नाही, कारण त्याच्या कापसाचा भाव ज्या हिशेबातून निघतो तो जिनिंगचा आहे, आणि वर्तमानपत्रातले जे आकडे वाचून तो बुचकळ्यात पडतो ते बहुतेक प्रेसिंगकडून आलेले असतात.

बोंडापासून सुरुवात करू. बोंड फुटले की चार-पाच पाकळ्यांत पांढरा कापूस दिसतो. त्या प्रत्येक पाकळीत सरक्या असतात आणि धागे त्या सरक्यांच्या सालीवर उगवलेले असतात. धागा म्हणजे सालीतल्या एकाच पेशीची लांबलेली शेपटी. तो सरकीला चिकटलेला नसतो, तिचाच भाग असतो. म्हणून कापूस कितीही झटकला तरी सरकी गळून पडत नाही. धागा बुडाशी तुटावा लागतो, आणि तो मध्येच तुटू नये ही खरी कसोटी. आपल्याकडच्या लांब धाग्याच्या कापसाची लांबी २८ ते ३० मिलिमीटरच्या आसपास असते. त्यातले दोन मिलिमीटर यंत्राने खाल्ले, तर सूतगिरणीच्या दृष्टीने तो खालच्या प्रतीचा माल झाला.

घरोघरी सूत काढले जाई तेव्हा हे काम हाताने फिरवायच्या चरकीवर होत असे. एकमेकांना टेकलेले दोन दांडके उलट दिशांनी फिरत. त्यांच्या फटीतून धागा पलीकडे जाई, सरकी मोठी म्हणून अलीकडेच राही. तत्त्व एवढेच, आणि आजच्या आपल्या कारखान्यांतले यंत्रही मुळात त्याच तत्त्वावर चालते.

त्या यंत्राला 'डबल रोलर जिन' म्हणतात. त्यात खरखरीत पृष्ठभागाचे दोन रोलर फिरत असतात. हे रोलर पुष्कळ काळ क्रोम चामड्याच्या चकत्यांचे बनवत आले. प्रत्येक रोलरला एक स्थिर सुरी घट्ट टेकलेली असते. वरून पडणाऱ्या कापसाचे धागे रोलरला चिकटतात आणि सुरीखालून ओढले जातात, सरकी सुरीच्या कडेला अडते. तिथे दुसरी, हलती सुरी खालीवर होत त्या अडलेल्या सरकीला ठोके देत राहते. काही ठोक्यांत सरकीवरचे धागे सुटतात आणि मोकळी सरकी जाळीतून खाली पडते. 'सुरी' म्हटले तरी ती कापत नाही. ती अडवते आणि ठोकते. कापायला लागली तर समजावे की यंत्राची मांडणी बिघडली आहे. रोलर वापराने गुळगुळीत होतात, मग त्यांची धाग्यावरची पकड सुटते, म्हणून त्यांवर पुन्हापुन्हा खाचा पाडाव्या लागतात. चामड्याच्या रोलरची झीज होते तेव्हा क्रोमियमयुक्त भुकटी रुईत आणि हवेत मिसळते. त्यावर उपाय म्हणून चामड्याऐवजी इतर साहित्याचे रोलर वापरण्याचे प्रयोग मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाले. या संस्थेची सुरुवात १९२४ ची, माटुंग्याची, आणि तिचे जिनिंगचे प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे.

जिनिंगची दुसरी जात अमेरिकेची. एली व्हिटनीने १७९४ मध्ये ज्याचे पेटंट घेतले त्या यंत्राचा वंश पुढे 'सॉ जिन' म्हणून वाढला. त्यात दातेरी चकत्या पट्ट्यांच्या फटींतून फिरतात, धागा दातांत पकडून ओढून नेतात आणि सरकी फटीत न मावल्याने मागे राहते. वेग जबरदस्त, पण धाग्याला हिसका बसतो. काही तुटतात, काहींच्या बारीक गुठळ्या होतात. रोलर जिन हळू चालते, पण धागा सांभाळते. पायाने किंवा हाताने फिरवायच्या चरकीला यंत्राचे रूप देण्याचे काम १८४० च्या सुमारास फोन्स मॅकार्थी या अमेरिकी माणसाने केले, आणि त्याच्या यंत्राची वंशावळ भारतात रुजली. आपल्याकडे आजही बहुतेक कापूस रोलरवरच जिनला जातो. म्हणजे दोन अमेरिकी शोधांपैकी अमेरिकेने एक ठेवला आणि आपण दुसरा.

या हळूपणाचा परिणाम कारखान्याच्या आत पाऊल टाकताच दिसतो. जुने डबल रोलर यंत्र तासाला पन्नासएक किलो रुई देते, मोठे शंभराच्या आसपास. त्यामुळे लांबलचक खोलीत जिन यंत्रांच्या रांगा लागलेल्या असतात, दहा, वीस, कुठे तीसही. प्रेस मात्र सगळ्यांना मिळून एकच. यंत्रांची रांग दिसली, सतत धडधड ऐकू आली आणि हवेत बारीक तंतू उडताना दिसले की ते जिनिंग. शेवटी एका बाजूला दोन मजले उंच लोखंडी पेटी दिसली, मध्येच घरघरते आणि मध्येच थांबते, की ते प्रेसिंग.

आता ओल. कापूस फार ओला असेल तर धागे रोलरवर गुंडाळतात, सरकी मऊ पडून चिरडते आणि तिचे तुकडे रुईत जातात. फार कोरडा असेल तर धागा ठिसूळ होऊन मध्येच तुटतो. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, हमीभावाने खरेदी करताना ८ टक्के ओल आधार धरते, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात भाव कमी करते आणि १२ च्या वर गाडी परत पाठवते. हा नियम शेतकऱ्याला छळासाठी केल्यासारखा वाटतो, आणि दिवाळीच्या आसपास परतीचा पाऊस झालेल्या वर्षी तो तसा वाटणे साहजिकच आहे. पण त्यामागचे एक कारण रोलरपाशी आहे आणि दुसरे काट्यापाशी. ओलीचे पाणी वजनात येते, रुईत येत नाही.

रोलरपाशी आणखी एक गोष्ट कायमची बिघडते, तिची चर्चा मात्र कमी होते. वेचणीला खतांच्या रिकाम्या, विणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या वापरल्या की त्यांचे तंतू कापसात येतात. गुटख्याच्या पुड्या येतात, केस येतात. जिनिंगपूर्वी गंजीत पडलेली पुडी माणूस बोटाने उचलू शकतो. रोलरखालून गेल्यावर तिच्या चिंध्या होऊन त्या रुईत पसरतात, आणि प्रेसमध्ये दाबल्यावर तर कुणालाच दिसत नाहीत. त्या दिसतात थेट कापड रंगवल्यावर, कारण प्लास्टिकचा तंतू कापसाचा रंग घेत नाही. उमरखेड तालुक्यातल्या एखाद्या शिवारात पडलेला पांढरा धागा तिरुपूरच्या बनियनवर ठिपका होऊन उमटतो. कवडीचे तसे नाही. बोंडअळीने खाल्लेली, डागाळलेली कवडी निदान डोळ्यांना दिसते, आणि व्यापारी तिचे पैसे जागच्या जागी कापतो.

आता हिशेब. एक क्विंटल कापूस जिनला की त्यातून ढोबळमानाने एक तृतीयांश रुई आणि दोन तृतीयांश सरकी निघते. रुई ३३ ते ३६ किलो, सरकी ६३ ते ६५ किलो, आणि दीड-दोन किलो कचरा, धूळ, उडालेली ओल. क्विंटलामागे किती किलो रुई पडली याला 'उतारा' म्हणतात. भावाची किल्ली या उताऱ्यात आहे.

समजा रुईचा भाव खंडीला ५५,००० रुपये आहे. खंडी म्हणजे ३५५.६२ किलो, तेव्हा रुई किलोला सुमारे १५५ रुपये पडली. सरकी किलोला ३४ रुपये धरू. उतारा ३४ असेल तर क्विंटलभर कापसातून रुईचे ५,२५८ आणि ६४ किलो सरकीचे २,१७६, मिळून ७,४३४ रुपये निघाले. यातून कारखान्याचा खर्च, वाहतूक, व्याज आणि नफा वजा करून व्यापारी हर्रासात बोली लावतो. उतारा ३४ वरून ३३ वर आला तर काय होते पाहा. एक किलो रुई गेली, त्याबदल्यात एक किलो सरकी आली. क्विंटलामागे सुमारे १२० रुपयांचा फरक. मूठभर कापूस हातात घेऊन, दोन-चार सरक्यांवरचा धागा ओढून बोली लावणारा अनुभवी खरेदीदार याच १२० रुपयांचा अंदाज बांधत असतो. शेतकऱ्याच्या हातात त्या वेळी फक्त कापसाचे वजन असते, उतारा नसतो. बाजारातली ही असमानता जुनी आहे. १८९७ च्या वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजार कायद्यापासून वजन, काटा, आडत यांवर नियम आले, पण उतारा मात्र व्यापाऱ्याच्या बोटांतच राहिला.

सरकीचा भाव हा या हिशेबातला विसरला जाणारा अर्धा भाग. सरकीतून तेल निघते, उरलेली ढेप जनावरांना जाते. दुभत्या जनावरांच्या खुराकात ढेपेची मागणी वाढली की सरकी चढते आणि रुई जागच्या जागी असतानाही कापसाचा भाव वर सरकतो. "न्यूयॉर्कला कापूस पडला, मग इथे का नाही पडला?" या प्रश्नाचे उत्तर अनेकदा ढेपेच्या पोत्यात असते. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुईचा सौदा होतो, सरकीचा नाही.

इथे जिनिंग संपले. यंत्रांच्या रांगेतून निघालेली रुई पट्ट्यावरून किंवा हवेच्या नळातून एका खोलीत जाऊन पडते. तिचा डोंगर मोठा दिसतो, वजन मात्र बेताचे असते. ट्रक भरला तर तो शिगेला जाईल, पण काट्यावर अर्धाही भरणार नाही. अशी मोकळी रुई मुंबईला पाठवणे म्हणजे हवेचे भाडे भरणे. शिवाय तिला ठिणगी लागली तर बघता बघता सगळा ढीग पेटतो. कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात अडकला की ठिणगी पडते, म्हणून गंजीतून कापूस आत जातो त्या वाटेवर खडे आणि लोखंड वेगळे काढायची सोय असावी लागते. गाठीला आग लागली तर ती वेगळ्याच तऱ्हेने वागते. वरून विझल्यासारखी दिसते आणि आतल्या आत दिवसेंदिवस धुमसत राहते.

प्रेसिंगचे काम तसे थोडक्यात सांगता येते. रुई किंचित दमट करून पेटीत सोडतात. एक दांडा तिला खाली खाली तुडवत राहतो. पेटी भरली की हायड्रॉलिक दट्ट्या पूर्ण जोराने दाबतो आणि दाबलेल्या अवस्थेतच तारा किंवा पट्ट्या आवळल्या जातात. मग सुती कापडाचे आवरण, वजन, क्रमांक. रुई दमट का करायची? कोरडी रुई स्प्रिंगसारखी उसळते आणि दाबाला जास्त जोर लागतो. तारा तुटण्याची भीतीही असते.

गाठ सुती कापडात बांधायची हा आग्रहसुद्धा प्लास्टिकच्याच भीतीतून आला. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. त्याच्या चौथ्या भागात जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचे आधुनिकीकरण होते. त्याआधी बहुतेक ठिकाणी कापूस उघड्या मातीवर ओतला जाई, बायका तो टोपल्यांतून डोक्यावरून यंत्रापर्यंत नेत, रुई पुन्हा हाताने प्रेसपर्यंत जाई. मग सिमेंटचे ओटे आले, पट्टे आले, हवेचे नळ आले. श्रम कमी झाले, मजुरांची संख्याही कमी झाली. धूळ अजून आहे. जिनिंगच्या खोलीत वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाची छाती भरते.

मग एकाच छपराखाली चालणाऱ्या या कामांना दोन नावे का? अमेरिकेत 'जिन' म्हटले की गाठ बांधण्यापर्यंतचे सगळे आले, वेगळी जोड लागत नाही. आपल्याकडे लागते, कारण आपल्याकडे हे दोन धंदे सुरुवातीला एका छपराखाली नव्हतेच. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या कापसाकडे नजर वळवली. कापूस रेल्वेने मुंबईला, तिथून जहाजाने पुढे. जहाजाचे भाडे जागेवर ठरायचे, म्हणून गाठ जितकी आवळ तितकी ती स्वस्त. वाफेवरचे प्रेस महाग होते आणि ते रेल्वे स्टेशनाला लागून असण्यातच फायदा होता. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला तो तिथल्या रेल्वे फाट्याच्या आणि कापूस बाजाराच्या उद्घाटनाला. जिनिंगला रेल्वेची गरज नव्हती. ते कापूस पिकतो तिथे जवळपास झाले तर उलट सरकी गावातच राही आणि वाहतूक वाचे. त्यामुळे जिन विखुरलेले आणि प्रेस रेल्वेकाठी असा नकाशा तयार झाला. यवतमाळ-मूर्तिजापूर हा अरुंद रेल्वेमार्ग, आपली 'शकुंतला', कापूस मुख्य मार्गापर्यंत पोचवायलाच टाकला गेला.

उमरखेड तेव्हा पुसद तालुक्यात होते, आणि हा पुसद तालुका १९०५ पर्यंत यवतमाळमध्ये नव्हे तर वाशीम जिल्ह्यात मोडत असे. रेल्वे या भागापासून दूरच राहिली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचे काम चालू आहे आणि त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २०२४ मध्ये सुरू झाला. आज प्रेससाठी रेल्वेची वाट पाहायची गरज नाही. वीज आली, ट्रक आले, आणि प्रेस जिनच्या शेजारी येऊन बसला. दोन धंदे एक झाले, पाटीवर मात्र दोन्ही नावे राहिली.

कायद्याने ही दोन नावे पक्की केली. १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने कायद्यात दोन्ही कारखान्यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत आणि जबाबदाऱ्याही. जिनवाल्याने कोणाचा किती कापूस जिनला याची नोंद ठेवायची. प्रेसवाल्याने प्रत्येक गाठीवर आपली खूण आणि क्रमांक टाकायचा. कारण त्या काळात भेसळीची बोंब होती. आखूड धाग्याचा स्वस्त माल लांब धाग्यात मिसळायचा, पाणी मारायचे, मध्ये सरकी-कचरा भरायचा. गाठ एकदा आवळली की आत काय आहे ते मुंबईत किंवा लिव्हरपूलमध्ये उघडल्यावरच कळणार. म्हणून ती कोणी आवळली हे वरून कळले पाहिजे. जिनिंगची जबाबदारी मालाची आणि प्रेसिंगची जबाबदारी ओळखीची, अशी वाटणी त्या कायद्यात दिसते. गाठीवर अलीकडे क्यूआर कोड चिकटवू लागले आहेत. ते त्या जुन्या खुणेचेच पुढचे रूप.

आता वर्तमानपत्राकडे वळू. "कापूस ५५ हजारांवर" असा मथळा येतो आणि त्याच पानावर हमीभाव सात-आठ हजार दिसतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव ठरवला. मग ५५ हजार कशाचे? ते रुईच्या खंडीचे. पहिला आकडा प्रेसमधून बाहेर पडलेल्या मालाचा, दुसरा जिनमध्ये शिरण्यापूर्वीच्या मालाचा. मधे सरकी गेली, वजनाचे माप बदलले, आणि बातमी लिहिणाऱ्याने दोन्हींना 'कापूस' म्हटले. इंग्रजीत एकाच 'कॉटन'वर भागते म्हणून भाषांतरात ही गफलत होते. मराठीत कापूस, रुई, सरकी असे तीन नेमके शब्द असताना ती करायचे खरे तर कारण नाही.

खंडीचा ३५५.६२ हा विचित्र आकडा कुठून आला, तेही प्रेसशी जोडलेले आहे. जुनी खंडी ७८४ पौंडांची आणि जुनी गाठ ३९२ पौंडांची. दोन गाठी म्हणजे एक खंडी, हिशेब सोपा. पुढे मेट्रिक पद्धत आली, गाठ १७० किलोवर ठरली आणि खंडी तशीच किलोत उतरली. आता खंडीत दोन गाठी पूर्ण बसून थोडी रुई वर उरते, तरी व्यापारी खंडी सोडायला तयार नाही. अमेरिकेची गाठ याहून मोठी, निव्वळ ४८० पौंडांची, म्हणजे जवळजवळ २१८ किलोंची. तेव्हा "भारतात इतक्या गाठी, अमेरिकेत इतक्या गाठी" अशी तुलना वाचताना गाठ कोणाची ते आधी पाहावे.

देशाचे उत्पादन तीनशे लाख गाठींच्या आसपास असते असे आपण दरवर्षी ऐकतो. हे १७० किलोंचे, रुईचे माप आहे. शेतकरी मोजतो एकरी कापसाचे क्विंटल. दोन्हींना जोडणारा पूल उताऱ्याचाच. ३४ च्या उताऱ्याने एका गाठीला बरोबर पाच क्विंटल कापूस लागतो. सरकारी तक्त्यात हेक्टरी ४५० किलो उत्पादकता लिहिली असेल तर ती रुईची समजावी. तिचा कापूस झाला १,३२० किलोंच्या थोडा वर, आणि एकरी पडला सव्वापाच क्विंटलांच्या थोडा वर. उमरखेडच्या ओलिताच्या शेतकऱ्याला हा आकडा कमी वाटेल आणि माळरानावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला जास्त. पण निदान दोघे एकाच वस्तूबद्दल बोलत असतील.

विक्रीच्या बाबतीत आणखी एक गैरसमज असतो. सीसीआयचे खरेदी केंद्र बहुधा एखाद्या जिनिंगच्या आवारातच असते, म्हणून आपण जिनवाल्याला कापूस विकला असे शेतकऱ्याला वाटते. प्रत्यक्षात विकत घेणारे महामंडळ असते. कारखाना त्याच्यासाठी ठरलेल्या मजुरीवर जिनिंग-प्रेसिंग करून देतो, गाठी आणि सरकी महामंडळाच्या. २०२५ च्या हंगामात या विक्रीसाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. १९७२ पासून राज्यात चाललेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेतही कारखान्याचे काम असेच मजुरीचे होते. खासगी खरेदीत मात्र बहुधा जिनचा मालकच कापसाचा मालक होतो आणि उताऱ्यातला नफा-तोटा त्याचा. तोच कापूस, तेच यंत्र, पण पैसे कोणाकडे मागायचे ते वेगळे.

याचा थेट उपयोग होतो तो शेतकरी उत्पादक कंपन्यांना. त्यांनी कापूस न विकता मजुरीवर जिनून-प्रेसून घ्यायचे ठरवले, की हाती दोन कागद पडतात, कधी एकाच कागदावर दोन भाग. पहिल्या भागात कापूस किती आला, रुई किती निघाली, सरकी किती, घट किती. हे जिनिंगचे. शंभर क्विंटल कापसावर ३४ क्विंटल रुई, साडेचौसष्ट क्विंटल सरकी आणि दीड क्विंटल घट असेल तर बेरीज शंभर भरते. ती भरली नाही किंवा घट तीन-चारवर गेली, तर प्रश्न तिथेच विचारायचा, गाठींपर्यंत जायचे नाही. दुसऱ्या भागात गाठी किती, प्रत्येकीचे वजन काय, क्रमांक कोणते. हे प्रेसिंगचे. ३,४०० किलो रुईच्या १७० किलोंच्या बरोबर २० गाठी व्हायला हव्यात.

पण त्या २० पेक्षा थोड्या जास्तही निघू शकतात. रुई जिनमधून निघाली तेव्हा ओल ६ टक्के होती आणि प्रेसपूर्वी दमट करून ती ८ टक्के केली, तर ३,४०० किलोंची रुई ३,४७४ किलो भरते. वर सांगितलेल्या भावाने या ७४ किलो पाण्याचे साडेअकरा हजारांच्या आसपास पैसे होतात. आठ टक्के ओल व्यापारात मान्य आहे, त्यात लबाडी नाही. लबाडी सुरू होते ती त्यापुढे. तेव्हा मजुरी ठरवतानाच दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. दर कापसाच्या क्विंटलावर आहे की गाठीवर, आणि रुईचे वजन दमट करण्यापूर्वीचे धरायचे की नंतरचे.